आधी डबा बाहेरगावचा

सत्तर-ऐंशीच्या दशकात मुलुंड, घाटकोपर, अंधेरी, बोरिवलीत वाढलेल्या कुणालाही विचारा, दिवाळीच्या आधी एखादी दुपार बेकरीत बसून काढल्याची आठवण बहुतेकांकडे निघेल. कापडी पिशवीत मैदा आणि पिठीसाखर, हातात डालड्याचा डबा, शिवाय आईची ताकीद : पत्र्यांवरून नजर हलवायची नाही. चकल्या, करंज्या, लाडू घरी व्हायचे. नानकटाई घरी होत नसे, कारण भाजायची कशात? गॅससाठी नंबर लावून वर्षानुवर्षं वाट बघायची, तोवर रॉकेलचा स्टोव्ह. ओव्हन आम्ही फक्त मासिकांतल्या पाककृतींत वाचलेला.

सामान जमवणं हेच मोठं काम होतं. साखर रेशनची. सणासाठी जादा साखर मिळणार अशी बातमी आली की चाळीत, सोसायटीत ती आधी बायकांना कळायची. १९७२-७३ च्या महागाईत तेल, साखर, रवा सगळंच दुर्मिळ झालं. मृणाल गोरे आणि अहिल्या रांगणेकर यांच्याबरोबर लाटणी घेऊन रस्त्यावर उतरलेल्या बायकांमध्ये आपल्या उपनगरांतल्या आया, मावश्या, काकू होत्या. त्याच बायका दिवाळीच्या महिनाभर आधीपासून रोजच्या चहातली साखर चमचा-चमचा मागे टाकायच्या. ती साखर कुणासाठी, हे घरात सगळ्यांना ठाऊक असायचं. नानकटाईचा पहिला डबा घरासाठी नसायचा. तो बाहेरगावी जायचा.

प्रमाण सगळ्यांना तोंडपाठ होतं : एक वाटी वनस्पती तूप, एक वाटी पिठीसाखर, दोन वाट्या मैदा, त्यात थोडा रवा नाहीतर बेसन, चिमूटभर सोडा, वेलची-जायफळ. कमलाबाई ओगल्यांचं ‘रुचिरा’ १९७० साली आलं आणि घरोघरी पोचलं, तरी नानकटाईच्या बाबतीत आजीचा शब्द शेवटचा असायचा. खरी मेहनत तूप फेसण्यात. परातीत तूप आणि पिठीसाखर घ्यायची आणि तळहाताने एकाच दिशेने फिरवत राहायचं. पिवळसर गोळा हळूहळू पांढरा होतो, हलका होतो. त्याचा थेंब वाटीभर पाण्यात टाकायचा. तरंगला तर पुढे जायचं, बुडाला तर परात पुन्हा मांडीशी. हे काम मोठ्या बहिणीकडे किंवा आत्याकडे असे. दंड भरून यायचे, पण थांबायचं नाही.

बेकरीवाले चाचा बोलवायचे ते दुपारी, आणि त्यामागे कारण होतं. पहाटे आणि संध्याकाळी भट्टीत पाव जायचे. लाकडाची आच तेव्हा चढी असते, त्या आचेवर नानकटाई वरून करपते आणि आत कच्ची राहते. पावाचा घाणा निघाल्यावर भट्टीच्या विटा तासन्‌तास तापलेल्या राहतात. त्या उतरत्या धगीवर नानकटाई सावकाश फुलते, तिला बारीक तडे जातात आणि तळ फक्त बदामी होतो. चाचा हे घड्याळ बघून ठरवत नसत. भट्टीच्या तोंडाशी हात धरायचे आणि म्हणायचे, ‘‘अभी नहीं, थोडा ठहरो.’’ भाजणावळ मैद्याच्या किलोवर असे. प्रत्येक घरचे पत्रे वेगळे ओळखू यावेत म्हणून कडेला खडूने खूण करायची.

आम्हा मुलांच्या आवडीचं काम म्हणजे सजावट. पत्र्यावर गोळे मांडले की प्रत्येकाच्या डोक्यावर अंगठ्याने हलकासा खळगा करायचा आणि त्यात चारोळी बसवायची. लग्न होऊन इंदूरला किंवा नागपूरला गेलेल्या ताईच्या वाटच्या गोळ्यांवर पिस्त्याचा काप. भाचरांसाठी लाल-हिरवी टूटीफ्रूटी. कुणाकडे शिवणकामाचं लाकडी रीळ असे, ते मधोमध दाबलं की सुबक ठसा उठायचा. कुणी काडेपेटीतल्या काडीने दादाच्या नावाचं पहिलं अक्षर कोरायचं. भट्टीत गोळा पसरला की अक्षरही पसरायचं आणि ‘स’चा काय झालाय ते ओळखता यायचं नाही. तरी दर वर्षी अक्षरं कोरली जायची आणि दादाही पत्रात लिहायचा, की माझी मला मिळाली.

घरी आल्यावर लगेच हात लावायची मुभा नव्हती. गरम नानकटाई डब्यात भरली की वाफेने मऊ पडते, म्हणून ती रात्रभर वर्तमानपत्रावर पसरलेली असायची आणि दोन खोल्यांचं घर वेलचीच्या वासाने भरून जायचं. सकाळी आई निवड करायची. अखंड, सारख्या रंगाच्या त्या बाहेरगावच्या. तुटलेल्या, तळाला जास्त लागलेल्या त्या आमच्या. आम्हाला त्यात कधी अन्याय वाटला नाही. खरं सांगायचं तर त्या जास्त लागलेल्या, कडेला खरपूस झालेल्या नानकटाईची चव मला आजही कुठल्या दुकानात सापडत नाही.

डालड्याचा रिकामा पिवळा डबा, आत कागद, मग नानकटाईचा थर, पुन्हा कागद. मधल्या फटींत कुरमुरे भरायचे, म्हणजे हिंदकळून तुकडे होत नाहीत. झाकण घट्ट बसवून डबा मांजरपाटात शिवायचा, टाक्यांवर लाख, आणि घरातल्या सर्वांत चांगल्या अक्षराच्या माणसाने शाईने पत्ता लिहायचा. फौजेतल्या काकासाठी पोस्टाचं पार्सल. कोकणातल्या आजी-आजोबांसाठी बोरिवलीच्या नॅन्सी कॉलनीतून किंवा कुर्ल्याच्या नेहरूनगरातून एसटी. गावचं कुणी ओळखीचं त्या गाडीने निघालं असेल तर त्याच्या मांडीवर. पुढे मस्कत, दुबई, अमेरिका ही नावं पत्त्यांवर यायला लागली. मग सहारच्या विमानतळावरून कोण कधी निघतंय याची खबर ठेवणं आलं. आपल्या लेकाचा डबा दुसऱ्याच्या बॅगेत घालायची विनंती करायला बाबांसारखा भिडस्त माणूसही संकोच सोडून अंधेरीत अनोळखी घराची घंटा वाजवायचा.

हा रिवाज एकट्या मराठी हिंदू घरांचा नव्हता. बोरिवलीच्या आय. सी. कॉलनीत, मरोळला, गोराईला राहणाऱ्या ईस्ट इंडियन ख्रिस्ती घरांत डिसेंबरात हीच धांदल चालायची. हे लोक मूळचे इथले आणि घरात बोलतात ती मराठीचीच बोली. त्यांच्या नेवऱ्या म्हणजे आमच्या करंज्यांच्या सख्ख्या बहिणी. कलकल करायला सगळं घर टेबलाभोवती बसे : पिठाची छोटी गोळी काट्याच्या पाठीवर किंवा नव्या कोऱ्या कंगव्यावर दाबायची, गुंडाळून काढायची, की अंगावर रेघा घेऊन शिंपल्यासारखी वळलेली कलकल तयार. तळून ती साखरेत घोळवायची. दिवाळीत आमच्याकडून फराळाचं ताट गेलेलं असे, नाताळात विणलेल्या रुमालाखाली त्यांचं ताट यायचं. जर्मनीत, अमेरिकेतही नाताळच्या आधी घरोघर बिस्किटं भाजून, सजवून डब्यांतून पाठवतात हे पुढे वाचलं, तेव्हा नवल वाटलं नाही. आम्ही ते शेजारीच पाहिलं होतं.

ऐंशीच्या दशकात गोल ॲल्युमिनियमचे, वर काच असलेले विजेचे ओव्हन घरात आले आणि बेकरीच्या फेऱ्या कमी झाल्या. पार्ल्याजवळ लोकलच्या खिडकीतून येणारा बिस्किटांचा वासही, १९२९ पासूनचा तिथला पार्ले बिस्किटांचा कारखाना २०१६ मध्ये बंद झाल्यावर, थांबला. २०२५ च्या जानेवारीत मुंबई उच्च न्यायालयाने लाकूड-कोळशावर चालणाऱ्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत स्वच्छ इंधनाकडे वळायला सांगितलं. शहराची हवा पाहता ते योग्यच आहे, आणि त्या धुरात आयुष्य काढलेल्या कारागिरांचा विचार केला तर अधिकच योग्य. आज फराळ तयार मिळतो, कुरिअरवाला घरून उचलून सिडनीला किंवा सिएटलला पोचवतो. नोकरी सांभाळून दिवाळी करणाऱ्या मुली-सुनांनी तो जरूर विकत घ्यावा.

पण एक डबा तरी हातचा असू द्या. गॅसच्या भट्टीवरही नानकटाई उत्तम भाजता येते. जवळच्या जुन्या बेकरीत जाऊन घरचं सामान भाजून देता का, एवढं विचारा. घरात ऐंशीच्या पुढची आजी, आत्या, मावशी असेल तर यंदा तिच्याशेजारी परात घेऊन बसा आणि तिचं प्रमाण, तिच्याच वाटीने मोजून, लिहून घ्या. त्या वाटीत किती ग्रॅम मैदा मावतो तेही लिहा, कारण ज्यांना डबा पाठवायचा त्यांच्याकडे ती वाटी नाही.