ड्युटी संपली की सांगते

माझ्या फोनमध्ये तिचं नाव ‘डॉक्टर’ असं सेव्ह आहे आणि तिच्या फोनमध्ये माझं ‘शेठ’. शेठ वगैरे काही नाही, धाराशिवमध्ये आमचं कृषी सेवा केंद्र आहे. बी-बियाणं, खतं, औषधं. शेतकरी ज्याला औषध म्हणतो ते खरं तर विष असतं. आमची ओळख त्या विषामुळेच झाली.

नोव्हेंबर २०२३. तुरीवर अळी पडली होती, फवारण्या जोरात चालू होत्या. रात्री साडेनऊला अनोळखी नंबरवरून फोन आला.

“कृषी सेवा केंद्र का? मी ग्रामीण रुग्णालयातून मेडिकल ऑफिसर बोलतेय. तुमच्याकडून आज नेलेलं औषध फवारताना एकाला विषबाधा झालीय. बाटली शेतातच राहिलीय. आत काय होतं ते सांगा, लवकर.”

मी शटर उघडलं, बिलबुक काढलं, नाव शोधलं. “प्रोफेनोफॉस आणि सायपरमेथ्रिन.”

“ठीक आहे,” म्हणाली आणि फोन ठेवला. प्रोफेनोफॉस असेल तर अ‍ॅट्रोपिन द्यावं लागतं, हे मी नंतर वाचलं. दहा वर्षं ते विकत होतो, पण ते अंगात गेल्यावर काय करतात हे मला माहीत नव्हतं. आठव्या दिवशी मेसेज आला, ‘पेशंट सोलापूरहून घरी आला. थँक्यू.’ मी अंगठा पाठवला. आणि मग अर्धा तास विचार करत बसलो, की अजून काय पाठवता आलं असतं.

ती एमबीबीएस झाल्यावर बाँडवर आली होती. सरकारी कॉलेजात शिकलं की एक वर्ष सरकारी सेवा करायची, नाही तर १० लाख भरायचे, असा तो बाँड. तिचं रुग्णालय ३० खाटांचं. सकाळी ओपीडी, दुपारी पोस्टमॉर्टेम असेल तर ते, रात्री बाळंतपणं, हायवेवरचे अपघात, पावसाळ्यात साप चावलेले लोक. माझ्या दुकानापासून मोटारसायकलवर तासाभराचं अंतर.

आमच्या गावात भेटायचं म्हणजे प्रश्नच. हातलादेवीच्या डोंगरावर गेलं तर दुकानातलं कोणीतरी गिऱ्हाईक भेटतं. लेण्यांकडे गेलं तर कॉलेजची पोरं. म्हणून आम्ही ठरवलं होतं नळदुर्ग. बोरी नदीला पाणी आलं की किल्ल्यातल्या पाणी महालावरून नर आणि मादी असे दोन धबधबे पडतात. इतकी वर्षं जिल्ह्यात राहून मी ते पडताना एकदाही पाहिले नव्हते, आणि तिने तर किल्लाच पाहिला नव्हता.

जानेवारी ते मे २०२४ या काळात आम्ही अकरा वेळा भेटायचं ठरवलं आणि चार वेळा भेटलो. हा आकडा मला पाठ आहे, ही माझी त्या वेळची अडचण. दुकानात उधारीची वही असते. कोणी किती नेलं, किती दिलं, बाकी किती. मी तिच्याही नावाचं एक पान डोक्यात उघडलं होतं. ‘निघतेय, १० मिनिटं’ असा मेसेज आणि मग तीन तास काहीच नाही, की एक नोंद. ‘ड्युटी संपली की सांगते’ आणि सकाळ, की दुसरी नोंद. तिच्याकडे कारण नेहमीच असायचं आणि ते नेहमीच माझ्यापेक्षा मोठं असायचं. बाळंतीण अडली आहे म्हटल्यावर तुम्ही काय बोलणार? भांडायलाही जागा नाही. आत मात्र बाकी वाढत जाते.

मित्रांना सांगायची सोय नव्हती. “डॉक्टरीण पटवलीस, आता शेजारी मेडिकल टाक,” असं म्हणणारे मित्र. एकाने तर तोंडावर म्हटलं, “बायकावानी वाट बघत बसतूस का रे?” मला ते लागलं, आणि का लागलं याचा मी बरेच दिवस विचार केला. डॉक्टर पुरुष असता आणि वाट बघणारी बाई, तर कोणालाच त्यात काही दिसलं नसतं. माझी आत्या एका डॉक्टरांच्या घरात दिलेली. तिने तीस वर्षं ताट झाकून ठेवली, तिला कोणी ‘बाईवानी’ म्हटलं नाही.

वडिलांचा हिशोब वेगळा होता. “दोघं डॉक्टर आसले की दवाखाना तरी निघतो. नवरा दुकानात आन् बायको रात्रभर बाहेर, हे कसं चालतंय?” आई हळूच म्हणाली, “लेकरा, तिला तुझ्यासाठी कवा टाइम मिळायचा?” वडिलांना उत्तर द्यायला मी तयार होतो. आईला नव्हतो, कारण तो प्रश्न माझाच होता.

जूनमध्ये तिची नीट पीजी होती, २३ तारखेला. परीक्षा झाली की दुसऱ्या दिवशी थेट नळदुर्ग, असं ठरलं. २२ च्या रात्री, परीक्षेला काही तास उरलेले असताना, परीक्षा पुढे ढकलल्याची बातमी आली. ती परीक्षेच्या गावी लॉजवर होती. तिने मला चार फोन केले. मी एकही उचलला नाही. पाऊस चांगला झाला होता, पेरण्या सुरू होत्या, सोयाबीनच्या बॅगांसाठी दुकानापुढे रांग होती, रात्री अकरापर्यंत गोडाऊनमध्ये होतो. फोन गल्ल्यात. नंतर पाहिले, तेव्हा तिचा मेसेज होता, ‘झोप आता. उद्या बोलू.’

या रात्रीची नोंद माझ्या वहीत झाली नाही. आपली वही आपणच लिहितो, त्यामुळे आपल्या नावावर बाकी कधी निघत नाही.

जुलैमध्ये एका रविवारी मी तिला न सांगता भेटायला गेलो. तिने ‘ड्युटी आहे’ म्हटलं होतं. रुग्णालयात कळलं, मॅडमची सुट्टी आहे. क्वार्टरचं दार आतून बंद. मी परत आलो आणि तीन दिवस बोललो नाही. चौथ्या दिवशी तिनेच सांगितलं. शनिवारी रात्री साप चावलेला नऊ वर्षांचा मुलगा आणला होता, दोन तास कुठेतरी मंत्र टाकून मग. तो गेला. रविवारी तिला कोणाशीच बोलायचं नव्हतं. “पेशंट गेला असं तुला सांगितलं असतं तर तू समजूत काढली असतीस. मला ती नको होती. ड्युटी आहे म्हटलं की कोणी पुढं विचारत नाही.”

मी म्हणालो, “मग तेवढंच सांगायचं, की बोलायचं नाहीये.”

“हे सांगता येतं?” तिने खरंच विचारलं. ती आठवड्याचे सहा दिवस ‘नाही’ म्हणू शकत नाही अशा ठिकाणी काम करते, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं.

मग ऑगस्ट आला. ९ ऑगस्ट २०२४ ला कोलकात्याच्या आर. जी. कर रुग्णालयात ड्युटीवरच्या निवासी डॉक्टरवर बलात्कार करून तिचा खून झाला. दोनच दिवसांनी, ११ तारखेला, पुढे ढकललेली नीट पीजी झाली. ती पेपर देऊन आली आणि त्याच रात्री पुन्हा ड्युटीवर गेली. राज्यातले निवासी डॉक्टर त्यानंतर संपावर गेले, पण ३० खाटांच्या रुग्णालयात रात्री एकच डॉक्टर असतो. तो संपावर गेला तर कोणीच उरत नाही.

फोन न उचलण्याचा अर्थ त्या आठवड्यात बदलला. आधी राग यायचा, आता भीती वाटायला लागली. एका रात्री साडेअकरापासून दोनपर्यंत तिने फोन उचलला नाही. मी मोटारसायकल काढली. पहाटे तीनला रुग्णालयात पोचलो. ती बाळंतपणाच्या खोलीतून हातमोजे काढत बाहेर आली. मला बघून घाबरली. “कोण आजारी आहे?”

“कोणी नाही. तू फोन उचलत नव्हतीस.”

सिस्टर बघत होत्या, पेशंटचे नातेवाईक बघत होते. ती मला बाजूला घेऊन गेली आणि अगदी हळू आवाजात बोलली. “उद्या सगळ्या गावात होईल, मॅडमकडं रात्री कोणीतरी येतो. ते मला इथं निस्तरावं लागेल, तुला नाही. आणि तुला जी भीती वाटली ना, ती रोज रात्री माझ्याबरोबर असते. ती घेऊनच मी काम करते. तुझी भीती पण मीच सांभाळू का?”

मी उजाडायच्या आत परत निघालो. या नात्याचं आता काय होणार, हे दोघांनाही कळत नव्हतं. पुढचे दोन महिने आम्ही कामापुरतं बोललो.

ऑक्टोबरमध्ये कोजागरीला तिची ड्युटी यात्रेत लागली. सोलापूरहून तुळजापूरपर्यंत पंचेचाळीस किलोमीटर लोक रात्रभर चालत येतात, बरेचसे अनवाणी. वाटेत आरोग्य विभागाचे तंबू असतात. तिने मेसेज केला, ‘आज तंबूत आहे. इथं कोणीही येऊ शकतं. ये.’ रस्त्यावरची वाहतूक वळवलेली होती. गाडी अलीकडे लावली आणि गर्दीच्या उलट्या दिशेने चालत गेलो. ती खाली बसून एका आजींच्या पायाचे फोड बघत होती. तिने वर न बघताच रजिस्टर माझ्याकडे सरकवलं. मी रात्री एकपर्यंत नाव, वय, गाव, तक्रार लिहीत बसलो. तक्रारीच्या रकान्यात बहुतेक एकच शब्द, ‘पाय’.

गर्दी जरा ओसरल्यावर चहा पिताना मी तिला मेळघाटातल्या बैरागडच्या डॉ. रवींद्र आणि डॉ. स्मिता कोल्हे यांची गोष्ट काढली. दोघांना २०१९ मध्ये पद्मश्री मिळाली. रवींद्र कोल्हेंनी लग्नासाठी चार अटी घातल्या होत्या. ४० किलोमीटर चालायची तयारी हवी. पाच रुपयांत कोर्टात लग्न. महिन्याला ४०० रुपयांत संसार. आणि गरज पडली तर दुसऱ्यांसाठी भीक मागायची तयारी. नागपुरात स्वतःचा दवाखाना चालवणाऱ्या स्मितांनी त्या मान्य केल्या.

“तू काय मला ४०० रुपयांत ठेवणार?” ती म्हणाली.

मला वेगळंच म्हणायचं होतं. ही गोष्ट सगळे त्यागाची म्हणून सांगतात. मला त्यात आवडतं ते एवढंच, की अटी आधी सांगितल्या होत्या. हो म्हणणारीला कशाला हो म्हणतोय ते माहीत होतं. आम्ही एकमेकांना एकही अट सांगितली नव्हती, आणि न सांगितलेल्या अटी मोडल्या म्हणून वर्षभर रुसत होतो.

मग त्याच रजिस्टरच्या मागच्या कोऱ्या पानावर आम्ही लिहिलं. तिच्या तीन. ड्युटीवर एकापेक्षा जास्त फोन नाही. खरंच काही असेल तर ‘तातडीचं’ असा मेसेज. ‘एवढं असेल तर सोडून दे’ हे वाक्य कधीही नाही. आणि ती धाराशिवमध्ये दवाखाना टाकणार आहे, असं माझ्या घरच्यांना तिला न विचारता सांगायचं नाही. (हे मी सांगून बसलो होतो.)

माझ्या तीन. बोलायचं नसेल तर ‘बोलायचं नाही’ असं सांगायचं, ‘ड्युटी’ सांगायचं नाही. रात्रपाळीत एकदा, कधीही, नुसतं एक टिंब पाठवायचं. आणि भेट रद्द जिने केली, पुढची तारीख तिने सुचवायची.

यातली शेवटची सगळ्यात कामाची निघाली. आधी ती रद्द करायची आणि मी विचारायचो, ‘मग कधी?’ दर वेळी विचारणारा मीच, म्हणून दर वेळी मागणारा मीच. आता ‘आज जमत नाही’च्या पुढे ‘गुरुवारी सहा’ असं येतं. गुरुवारीही कधी कधी जमत नाही. पण भेटायचं तिलाही आहे, हे मला अंदाजाने ताडावं लागत नाही. वेळ तिच्या हातात नाही, शब्द आहे. तेवढ्यावर भागतं का? माझं भागतं. सगळ्यांचं भागेल असं नाही, आणि न भागणारा माणूस कमी प्रेम करतो असंही नाही.

ती आता दुसऱ्या शहरात सरकारी कॉलेजात स्त्रीरोग विभागात निवासी डॉक्टर आहे, पहिलं वर्ष. निवासी डॉक्टरांनी साधारण आठवड्याला ४८ तास आणि सलग १२ तासांपेक्षा जास्त काम करू नये, असं केंद्र सरकारने १९९२ मध्येच म्हटलेलं आहे. हे मी तिला वाचून दाखवलं, तेव्हा ती इतकी हसली की शेजारची जागी झाली. टिंब मात्र येतं. कधी पहाटे चारला, कधी दोन टिंबं, म्हणजे जुळं झालं.

गेल्या सप्टेंबरमध्ये, २०२५ मध्ये, आमच्याकडे अतिवृष्टी झाली. सीनेला पूर आला, भूम-परंड्याकडे माणसं छपरांवरून काढावी लागली. काढणीला आलेलं सोयाबीन पाण्यात गेलं. दुकानाची वर्षाची उधारी त्या सोयाबीनवर होती. वडील दिवसभर वही उघडून नुसते बसायचे, आणि मी गावोगाव फिरत होतो. वसुलीला नाही, वसुलीचं तोंडच नव्हतं, नुसतं बघायला. दोन दिवस मी तिला काही कळवलं नाही. तिसऱ्या दिवशी तिचा मेसेज आला, ‘अट तुलाही लागू आहे, शेठ. टिंब?’

मी टिंब पाठवलं. मग बांधावर उभं राहून तिला लिहिलं, की बोलायचं नाहीये. तिने लिहिलं, ‘बरं.’ पुढे काही विचारलं नाही.

चार दिवसांनी रात्री पुन्हा मेसेज. ‘१४ ला वीकली ऑफ आहे असं म्हणतायत. नळदुर्गला पाणी असेल का तोपर्यंत?’

नळदुर्गमधल्या ओळखीच्या एका दुकानदाराला मी लगेच फोन लावला. “यंदा काय इचारता शेठ,” तो म्हणाला, “पडतंय की दोन्हीकडनं.”

मी तिला तसं कळवलं. खाली एक टिक आहे अजून. ड्युटीवर असेल.