ढोलीचा साग

मेळघाटात रानपिंगळा पाहून आल्यापासून मला दुसरं काही सुचत नाही. साखरखेर्ड्याच्या बाजारात भेटेल त्याला अडवून सांगतोय, आणि आता लिहायलाच बसलोय, कारण गोष्ट एका पक्ष्यापुरती नाही. साग तोडावा की राखावा, या जुन्या भांडणाचं निम्मं उत्तर त्या पक्ष्याच्या घरात आहे!

सेमाडोहच्या बाजूचं जंगल, थंडीचे दिवस, ऊन चांगलं वर आलेलं. पायाखाली सागाची जाळीदार पानं. एक बारकी अळी पानाचा हिरवा भाग तेवढा खाते आणि शिरा ठेवते. पान डोळ्यांसमोर धरलं की पलीकडचं आभाळ दिसतं. मी ते पाहण्यात गुंतलो होतो, तेवढ्यात सोबतचा कोरकू वाटाड्या दबक्या आवाजात म्हणाला, "भाऊ, त्या वाळल्या सागाकडं पाहा. ढोलीच्या वर."

वीतभर पक्षी. डोकं तपकिरी, त्यावर ठिपके जवळजवळ नाहीतच, छातीवर गडद पट्टा आणि खाली पोट पांढरंशुभ्र. शेपटी एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे झटकत भरउजेडात बसलेला! आपल्या कडुनिंबातला साधा पिंगळा दिवस मावळायची वाट पाहतो, हा मात्र दिवसाउजेडी शिकार करतो. पायात सरडा होता. तो घेऊन पठ्ठ्या ढोलीत शिरला आणि दिसेनासा झाला.

आता या पक्ष्याची हकिकत ऐका. ह्यूम या इंग्रज पक्षिअभ्यासकानं १८७३ मध्ये त्याची नोंद केली. १८८४ मध्ये खानदेशात त्याचा शेवटचा नमुना मिळाला आणि मग पक्षी गायबच. रिचर्ड माइनर्ट्‌झहागेन नावाच्या इंग्रज लष्करी अधिकाऱ्यानं आपणही १९१४ मध्ये एक मिळवल्याचं सांगितलं होतं, पण पामेला रासमुसेन या अमेरिकी बाईंनी छडा लावला की तो नमुना संग्रहालयातून चोरलेला, चिठ्ठी बदललेली. खोटी नोंद बाजूला पडली, खऱ्या नोंदींच्या वाटेनं त्या सहकाऱ्यांसह निघाल्या आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळच्या रानात पक्षी समोर! ११३ वर्षांनी. आपल्या महाराष्ट्रात, सागाच्या जंगलात. पुढे तो मेळघाटातही सापडला.

हा पक्षी घनदाट अरण्यातला नव्हे. त्याला विरळ, उघडं, पानगळीचं सागवन लागतं, जिथं फांदीवरून जमिनीवरचा सरडा दिसेल. मात्र अंडी घालायला ढोली हवी, आणि ढोली कोवळ्या सरळसोट झाडाला नसते. ती म्हाताऱ्या, फांदी मोडलेल्या, सुतारपक्ष्यानं टोचलेल्या, आतून कुजलेल्या झाडालाच मिळते.

परतीच्या वाटेवर परतवाड्याला लाकडाच्या थप्प्या पाहिल्या. प्रत्येक नगावर नंबर, लांबी, घेर आणि हातोड्याचा शिक्का. सुंदर लाकूड, खोटं कशाला बोलू! आमच्या भागातल्या जुन्या वाड्यांच्या तुळया-खांब अशाच सागाचे. अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी २०२३ मध्ये बल्लारपूरहूनच साग गेला. लाकूड हवंच आहे, मी त्याच्या विरोधात नाही. पण सरळ, निरोगी, जाड लाकूड हे एकच माप धरलं, तर पोकळ झाड जागा अडवणारं ठरतं आणि निरोगी झाडाला म्हातारपण कधी येतच नाही. मग ढोली कुठून येणार?

जर्मन वनाधिकारी डिट्रिख ब्रॅन्डिस यांनी १८५६ पासून ब्रह्मदेशात साग मोजून तोडायची रीत घातली: ठरावीक घेराच्या वरचंच झाड घ्यायचं, तेही जेवढी नवी झाडं त्या घेरात येतील त्या बेतानंच. हेच पुढे १८६४ मध्ये हिंदुस्थानचे पहिले मुख्य वनाधिकारी झाले. काय दूरदृष्टी! पण हिशेब लाकडाचा होता. आता त्यात दोन रकाने वाढलेत, जीवांचा आणि कार्बनचा. २०१४ च्या राष्ट्रीय संहितेनं वनविभागाच्या कार्य आयोजनेत, म्हणजे जंगलाच्या कामाच्या आराखड्यात, या दोन्हींचा विचार करायला लावला.

कार्बनचं गणित कळलं तेव्हा तर मी उडालोच. वाळलेल्या लाकडाच्या वजनात जवळपास निम्मा कार्बन असतो. म्हणजे एका घनमीटर सागात साधारण सव्वातीनशे किलो. वाड्याची तुळई शंभर वर्षं टिकली तर तेवढा कार्बन शंभर वर्षं हवेबाहेर राहिला. सरपणात गेला तर धुरासोबत लगेच परत. म्हातारं झाडही रिकामं बसत नाही. २०१४ मध्ये ४०३ जातींच्या झाडांचा अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात बहुतेक जातींत जाड झाडच दरवर्षी जास्त लाकूड जोडतं असं दिसलं.

उत्तरेकडच्या बर्फाळ देशांतही झाड तोडावं की राखावं हा वाद आहे. फिनलंडमधल्या जंगली जीवजातींपैकी सुमारे पाव जाती मेलेल्या लाकडावर अवलंबून. स्वीडननं १९९३ च्या कायद्यात लाकूड आणि निसर्ग यांना सारखं स्थान दिलं. तिथं तोड करताना काही झाडं जाणूनबुजून सोडतात आणि काही तर तीन-चार मीटरवर कापून उंच खुंट उभे ठेवतात, भुंगेऱ्यांसाठी आणि सुतारपक्ष्यांसाठी! आपल्याकडे गडचिरोलीत आलापल्लीला सहा हेक्टर जुनं जंगल १९५३ पासून राखलंय. २०१४ मध्ये ते राज्यातलं पहिलं जैवविविधता वारसास्थळ झालं. पण राखीव तुकडा एकीकडे आणि सफाचट तोड दुसरीकडे, एवढ्यानं भागणार नाही. तोडीच्या जंगलातच थोडी म्हातारी झाडं उभी राहिली पाहिजेत, असं माझं ठाम मत झालंय.

आणि हे फक्त वनविभागानं करायचं काम नाही. आपल्या सोयाबीन-कपाशीच्या बांधांवर जुने निंब, बाभळी, साग आहेत. त्यांच्या ढोलीत पिंगळा, नीलपंख, हुदहुद, पोपट राहतात. नीलपंख आणि पिंगळा तर तुमच्याच वावरातले किडे आणि उंदीर खातात. लाकूडवाला दारात आला तर सौदा जरूर करा, पण आधी बांधावर चक्कर मारा, ढोली असलेलं झाड त्यातून वगळा, आणि उन्हाळ्यात, पिल्लांच्या दिवसांत, त्याच्या फांदीलाही हात लावू देऊ नका.