माणूस मेला, पण कशाने?

आमच्या सिंदी मेघेत डेंग्यूचा एक रोगी निघाला की आरोग्य खात्याची माणसे दारात हजर होतात. कूलरचे पाणी फेका, टाकी झाका, घरात कोणाला ताप आहे काय? डास कोठे वाढतो, ताप आल्यास कोठे जावे, हे वर्तमानपत्रातही छापून येते. रस्त्यावर माणूस मेला तर मात्र पंचनाम्याला दोन पोलीस येतात आणि पेपरात चार ओळी. 'अज्ञात वाहनाच्या धडकेत इसम ठार.' संपले! डेंग्यूचे मरण आरोग्याच्या खात्यात आणि रस्त्यावरचे पोलिसांच्या खात्यात. मी पडलो बी.कॉम. झालेला कारकून. नोंद चुकीच्या खात्यात पडली की ताळेबंद जुळत नाही, एवढे मला कळते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या 2023 च्या अहवालाप्रमाणे जगात दरवर्षी सुमारे 11 लाख 90 हजार माणसे रस्त्यावर मरतात. 5 ते 29 या वयात मरणाचे पहिले कारण हेच आहे. आपल्या देशात 2022 साली 1 लाख 68 हजार 491 माणसे गेली. त्यांत 44 टक्क्यांहून अधिक दुचाकीवरची आणि 19 टक्क्यांहून अधिक पायी चालणारी होती. म्हणजे सकाळी डबा घेऊन कामाला निघणारी तुमच्या-आमच्या घरचीच माणसे. एवढे लोक एखाद्या तापाने गेले असते तर देशात केवढा हलकल्लोळ झाला असता!

याच संघटनेने 2015 साली पत्रकारांसाठी रस्ता सुरक्षेवर एक मार्गदर्शिका काढली आणि अनेक देशांत पत्रकारांच्या कार्यशाळा घेतल्या. त्यामागचा विचार साधा आहे. अपघात म्हणजे दैव नव्हे, तो टाळता येतो. तेव्हा साथीच्या रोगाची बातमी लिहावी तशी त्याची बातमी लिहा. अमेरिकेत विल्यम हॅडन नावाच्या डॉक्टरने हे फार पूर्वी मांडले होते. धडकेच्या आधी काय झाले, धडकेच्या क्षणी काय झाले आणि धडकेनंतर काय झाले, हे तीन प्रश्न वेगवेगळे विचारा, असे तो म्हणे. आपले वार्ताहर बंधू पहिल्या प्रश्नावरच थांबतात, कारण पोलीस ठाण्याच्या कागदात तेवढेच असते.

1 जुलै 2023 ची रात्र आपल्या जिल्ह्याला विसरता येणार नाही. नागपूरहून पुण्याला निघालेली खासगी बस समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ उलटली, पेटली आणि 25 माणसे जळून गेली. त्यांत वर्ध्याची बरीच होती. पुढे कित्येक दिवस एकच चर्चा : टायर फुटला की चालकाला डुलकी लागली? विचारायलाच हवे ते. पण बस दाराच्या बाजूवर पडली आणि दार खाली दबले. जे वाचले ते काच फोडून बाहेर पडले. मग संकटकाळी बाहेर पडायची वाट कोठे होती, काच फोडायला हातोडी होती काय, हे प्रश्न मोठ्या अक्षरांत का आले नाहीत? बस उलटण्याचे कारण एक आणि माणसे मरण्याचे कारण दुसरे, हा फरक शिकवल्याशिवाय कळत नाही.

कापसाच्या हंगामात तर हे नेहमीचेच. रात्री रस्त्याच्या कडेला ट्रॅक्टरची ट्रॉली उभी, मागे लाल दिवा नाही, चमकणारी पट्टी नाही. दुचाकीवाला मागून आदळतो. बातमी येते, 'भरधाव दुचाकी उभ्या ट्रॅक्टरवर आदळली.' म्हणजे मेला तोच दोषी! पट्टी का नव्हती, डोक्यावर हेल्मेट होते काय, दवाखान्यात पोहोचायला किती वेळ लागला, यांपैकी एकही ओळ नाही. नीट बांधलेल्या हेल्मेटने मृत्यूचा धोका 42 टक्क्यांनी कमी होतो, हे अशा बातमीखाली छापले तर वाचणाऱ्या बापाच्या मनात ते राहील. वेगळ्या सप्ताहातल्या भाषणात ते कोण ऐकतो?

तालुक्याच्या वार्ताहराला मी नावे ठेवत नाही. त्याला मानधन जेमतेम, वरून जाहिराती आणायच्या. फटफटीवर दिवसभर फिरतो आणि हेल्मेट मात्र घरी खुंटीला! अशांसाठी सेवाग्राम नाहीतर सावंगीच्या रुग्णालयात एक दिवसाचा वर्ग का भरू नये? डॉक्टरांनी डोक्याला मार लागल्यावर पहिल्या तासात काय होते ते सांगावे, अभियंत्याने एखाद्या वळणावर नेऊन रस्त्याचा दोष दाखवावा, वकिलाने भरपाईचा कायदा समजावावा.

हा शेवटचा भाग आपल्या वस्त्यांसाठी फार मोलाचा आहे. आमच्या भागातील एक चौकीदार रात्री पायी जाताना गाडीने उडवला गेला. गाडी सापडली नाही. बाई म्हणाली, ''भाऊ, गाडीच सापडली नाही तर भरपाई कोण देणार?'' तिने पेपरचे कात्रण जपून ठेवले होते, पण त्यात तिच्या कामाची एकही ओळ नव्हती. पळून गेलेल्या वाहनाने माणूस मेला तरी वारसांना 2 लाख आणि गंभीर जखमीला 50 हजार रुपये मिळतात. 1 एप्रिल 2022 पासून ही रक्कम लागू आहे. अर्ज तहसील-उपविभाग पातळीवर करायचा असतो. मे 2025 पासून जखमीला सात दिवसांपर्यंत दीड लाखाचे उपचार रोख पैसे न भरता मिळण्याची योजनाही केंद्राने लागू केली आहे. जखमीला दवाखान्यात नेणाऱ्याला पोलीस नाव सांगायची सक्ती करू शकत नाहीत.

बाईचा अर्ज मी लिहून दिला आणि त्याच कात्रणावर ही माहिती लिहून वार्ताहराला नेऊन दिली. त्याने दोनदा वाचली. म्हणाला, ''दादा, सहा वर्षे बातम्या देतो, पण हे आम्हाला कोणी सांगितलेच नाही.'' पुढच्या महिन्यात 'अज्ञात वाहना'ची आणखी एक बातमी आली. तिच्या खाली अर्ज कोठे करायचा, त्याच्या दोन ओळी होत्या.