चोर्ला घाटात ठरलं

बेळगावहून साखळीला जायचं म्हणजे आमच्याकडे चवथ. आईचं माहेर तिथलं. पिरनवाडी, जांबोटी, कणकुंबी, चोर्ला आणि घाट उतरला की केरी. 2009 पासून हा रस्ता आम्ही बाबांच्या राखाडी वॅगन-आरनंच केला. घाटातली वळणं मोजत मी त्याच गाडीच्या मागच्या सीटवर मोठी झाले.

2023 च्या चवथीआधी घरात वाद चालू होता. पुढच्या मे महिन्यात नोंदणीची पंधरा वर्षं पुरी होणार होती. म्हणजे फिटनेस तपासणी, नूतनीकरणाची 5,000 रुपये फी, ग्रीन टॅक्स वेगळा. क्लच, रेडिएटर आणि सस्पेन्शनचे मेस्त्रींनी 32,000 सांगितले. शोरूमवाला जुन्या गाडीचे 65,000 धरायला तयार होता, पण वर महिन्याला 11,000 चा हप्ता. आकडे बाबांच्याच बाजूचे होते. "इंजिन ठणठणीत आहे. उगाच कर्ज कशाला?" चवथ करून येऊ, मग बघू, असं ठरलं.

कणकुंबी सोडली आणि धुकं उतरलं. पाऊस होताच. ज्या गिअरनं चढायचं त्याच गिअरनं उतरायचं, हा बाबांचा नियम, म्हणून गाडी दुसऱ्या गिअरमध्ये होती. एका वळणावर समोरून बस आली. बाबांनी ब्रेक दाबला, चाकं जाम झाली आणि स्टिअरिंग फिरवूनही गाडी सरळच घसरत गेली. बसपासून दोन हात अलीकडे थांबली. आईचे दोन्ही हात डॅशबोर्डवर होते. कुणीच काही बोललं नाही.

चाकं जाम होऊ न देणारं एबीएस आणि चालकाची एअरबॅग आपल्याकडे 2019 मध्ये सक्तीची झाली, शेजारच्या सीटची एअरबॅग 2021 मध्ये. आमच्या गाडीत यातलं काहीच नव्हतं. चौदा वर्षं आई नुसत्या प्लास्टिकसमोर बसत होती, आणि आम्ही हिशेब मांडत होतो तो क्लचचा.

साखळीत माटोळीखाली बसून बाबांनी पातोळ्या खाल्ल्या, पण गप्पच होते. परतीला घाट चढताना तापमानाचा काटा वर गेला. कशीबशी कणकुंबी गाठली आणि माउलीच्या देवळाजवळ थांबलो. मलप्रभा उगम पावते ते हे ठिकाण. इंजिन निवेपर्यंत बाबा बॉनेटकडे बघत उभे होते. मग किल्ली माझ्या हातात देत म्हणाले, "इथून पुढं तू चालव. आणि ती नवी कुठली म्हणत होतीस, तिचं बघ."

दिवाळीला नवी गाडी आली. जुनी आम्ही शोरूमला दिली नाही. मेस्त्रींच्या पुतण्यानं 70,000 ला घेतली. नावावर करून दिल्यावरच बाबांनी त्याच्या हातात किल्ली ठेवली आणि एवढंच सांगितलं, "गावात खुशाल फिरव. घाटात नेऊ नको."