फूल उलटं करून

कुंपणावर निळं, भोंग्यासारखं फूल दिसलं की आपल्याकडे माणूस ‘गारवेल’ म्हणतो आणि पुढे चालू लागतो. त्यात बिघडत काहीच नाही. पण मोबाइल पुढे धरून ‘ही नेमकी कुठली, सांगा ना’ म्हणणाऱ्यांचं तेवढ्यावर भागत नाही, आणि फोटोत हमखास असतो तो फुलाचा समोरचा चेहरा. त्याच्यावरून मी काही सांगत नाही. या घराण्यात रंगासारखं बेभरवशाचं दुसरं काही नाही. सकाळी निळं असलेलं फूल कोमेजताना गुलाबी-जांभळं होतं. ‘हेवनली ब्लू’ या वाणाची कळी तर जांभळट लाल असते. उमलताना पाकळीच्या पेशीतल्या रसाचा सामू साधारण ६.६ वरून ७.७ वर चढतो आणि तेच रंगद्रव्य आभाळी निळं दिसू लागतं. पानाचंही तसंच. एकाच वेलीवर एक पान बदामाच्या आकाराचं, तर शेजारचं तीन खंडांचं.

म्हणून फूल उलटं करायचं. बुडाशी पाच हिरवी निदलं असतात, त्यांच्यावर बोट फिरवायचं. ‘आयपोमिया निल’, म्हणजे जिच्या बिया काष्ठौषधींच्या दुकानात काळादाणा म्हणून मिळतात, तिची निदलं शेपटीसारखी लांब निमुळती असतात आणि खाली ताठ केस खरखर लागतात. ‘इंडिका’ची निदलंही निमुळती, पण केस असलेच तर आखूड, अंगाला चिकटलेले. ‘पर्प्युरिया’ची निदलं आखूड आणि टोकदार. एवढ्यावर बहुतेक भांडणं मिटतात. गणेशवेलीसाठी हा खटाटोप लागत नाही. कंगव्यासारखं पान आणि लाल चांदणी, झालं.

तरीही शंका उरली तर वेल लावून वाट पाहणं हाच उपाय, आणि मला तोच जास्त आवडतो. ‘निल’ स्वतःच्याच परागांवर फळ धरते. तीन कप्प्यांचं बोंड, पूर्ण भरलं तर आत सहा काळ्या बिया. मग वेल वाळून संपते. ‘इंडिका’ मात्र वर्षानुवर्षं टिकते आणि बागेत सहसा बी धरत नाही. एकाच वेलीच्या फांद्या घरोघरी गेलेल्या, आणि स्वतःचे पराग तिला चालत नाहीत. बी लागली की नाही, हे पाहायला दिवाळी उलटू द्यावी लागते.

बीचं कवच टणक असतं. डोळ्याची बाजू सोडून पॉलिश पेपरवर थोडं घासावं, रात्रभर पाण्यात ठेवावं; जी फुगते ती पेरावी. रोप उपटून दुसरीकडे लावलेलं त्याला सोसत नाही, म्हणून पावसाच्या तोंडावर जागेवरच पेरते. सुतळी बांधताना एक ध्यानात ठेवावं: वरून पाहिलं तर वेलीचा शेंडा घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरतो. मदत म्हणून आपण सुलट गुंडाळला, तर दुसऱ्या दिवशी तो सुटून लोंबत असतो. शेणखत बेताचं. लाड केले की नुसता पाला माजतो.

सगळ्यात जास्त तक्रार येते ती ‘वेल गच्चीभर पसरली, फूल एक नाही’ अशी. अशा वेळी मी आधी विचारते, रात्री तिथे दिवा असतो का? ‘निल’ला फुलायला लांब, अखंड अंधार लागतो. जपानमध्ये या वेलीचा शौक जुना. एकोणिसाव्या शतकात तिथे चिरलेल्या, पिळलेल्या पाकळ्यांचे चित्रविचित्र प्रकार जोपासले गेले. पुढे तिथल्याच ‘व्हायोलेट’ वाणावर प्रयोग झाले, तेव्हा त्याचं कोवळं रोप एका लांबलचक अंधाऱ्या रात्रीनंतरही कळ्या धरतं असं दिसलं. आपल्याकडे गणपतीनंतर रात्री वाढू लागल्या की ती आपसूक मार्गी लागते, पण सोसायटीचा फ्लडलाइट अंगावर असेल तर तिला रात्र झालेलीच कळत नाही. खत बदलू नका, कुंडी भिंतीआड सरकवा.

पानांना गोल भोकं पडली तर उलटून पाहा. सोनेरी चकचकीत, कासवासारखे किडे असतात. मी ते हातानेच वेचते. इतके देखणे किडे दुसऱ्या वेलीवर पाहायला मिळत नाहीत, त्यामुळे एखाददुसरा सुटतोही.

बिया मी मागेल त्याला देते, फक्त घरात लहान मूल असेल तर त्या पोटात जाऊ देऊ नका असं बजावून. ‘इंडिका’ची फांदी मात्र कुंडीत लावणाऱ्यालाच. तिचं खोड जमिनीला टेकलं की पेरापेराला मुळं फुटतात, आणि ती शेजारच्या आंब्यावर चढली की खाली उतरवायला कोणी येत नाही.