लोंबते ओझे

ओझ्याचे दोन प्रकार असतात : डोक्यावरचे आणि लोंबते. डोक्यावरचे ओझे बिचारे गरीब स्वभावाचे. ते मान दुखवते, घाम काढते. पण माणूस चालेल तसे चालते, थांबेल तिथे थांबते. लोंबत्या ओझ्याला मात्र स्वतःचे मन असते. आपण थांबलो तरी ते झुलत राहते. आणि एकदा का त्याला झोक्याचा नाद लागला, की कोण कोणाला नेत आहे हेच कळेनासे होते!

आमच्या राजूरला ओझ्यांचे नवल नाही. जमिनीखाली कोळसा, जमिनीवर चुन्याच्या भट्ट्या. उचलणे आणि वाहणे यांतच गावाच्या पिढ्या गेल्या. परंतु केदारनाथची ती चित्रफीत पोरांनी मोबाइलवर दाखवली तेव्हा मीही डोळे विस्फारले. 2024 च्या 24 मेला यात्रेकरूंना घेऊन आलेले एक खासगी हेलिकॉप्टर बिघाड होऊन तिथे कसेबसे उतरले होते. माणसे वाचली, यंत्र अडकून पडले. 31 ऑगस्टला हवाई दलाचे एमआय-17 त्याला खाली टांगून दुरुस्तीसाठी गौचरकडे निघाले. वाटेत वाऱ्याने आणि भाराने तोल जाऊ लागला. थारू कॅम्पजवळ ओझे सोडून द्यावे लागले. ते दरीत कोसळले. इजा मात्र कोणालाही झाली नाही.

पोरे हसली. "एवढं मोठं हेलिकॉप्टर फेकून देल्लं, आजोबा!"

मला हसू आले नाही. केदारनाथ साडेतीन हजार मीटरांहून उंच. तिथली हवा विरळ, म्हणजे पात्यांना आधार कमी. टांगलेले यंत्र आकाराने थोराड आणि त्या मानाने हलके. वारा त्याला दगडापेक्षा सहज हलवतो. ते लंबकासारखे झुलू लागले, की प्रत्येक झोका वरच्यालाही ओढतो. म्हणून तर अशा कामात आकडा क्षणात सुटेल अशी सोय वैमानिकाच्या हाताशी असते. लाखमोलाची वस्तू आणि आतली माणसे यांचा हिशेब त्या क्षणात करायचा!

माझ्या आजाने तो हिशेब विहिरीवर केला होता. भरलेली मोट वर येत असता धावेवर एका बैलाचा पाय घसरला. मोट मागे ओढू लागली, बैल थारोळ्याकडे फरफटू लागले. आजाने कमरेचा विळा काढून नाडा कापला. नवी चामड्याची मोट धप्पकन विहिरीत गेली. रात्री तो जेवेना, तेव्हा आजी म्हणाली, "जाऊ द्या जी. मोट पुन्हा शिवता येते, बैल थोडेच शिवता येतात?" मला वाटते, नाडा कापायला आजाला जेवढे धैर्य लागले, त्याहून थोडे अधिक आजीला हे म्हणायला लागले असेल. मोटेचे पैसे अजून फिटायचे होते.

सोडण्याला आपण फार नावे ठेवतो. 'धरले ते सोडू नये' हेच मुलांना शिकवतो. आमच्या यवतमाळ जिल्ह्यात कर्जाचे ओझे असेच लोंबत राहिले. पिकाच्या, पावसाच्या, भावाच्या वाऱ्यावर झुलत राहिले, आणि कितीतरी घरांतला कर्ता माणूस त्याच्याबरोबर खाली गेला. ती माणसे दुबळी नव्हती. उलट, शेवटपर्यंत धरून ठेवणारी होती. त्यांच्या हाताशी विळा नव्हता. आणि असला, तरी 'जाऊ द्या जी' म्हणणारा आवाज वेळेवर कानी पडला नाही.

यंत्र घडवणाऱ्यांनी आकडा जोडतानाच तो सोडायची कळही जोडली, हे मला त्यांचे मोठे शहाणपण वाटते. घरांतूनही अशी एक कळ असावी. सणासुदीला सारी जमलेली असताना, ज्याच्या पाठीवर सर्वांत जास्त भार आहे त्याला कोणीतरी सांगून ठेवावे : शेत गेले तरी चालेल, अब्रूचेही पुढे पाहू, तू तेवढा वर राहा.