कॉम्प्युटरला जात नसते, किल्लीला असते

जुन्या होम कॉम्प्युटरच्या आठवणी हल्ली बरेच जण लिहितात. "आमच्या घरी तेव्हा स्पेक्ट्रम होता," असे वाचले की आम्हाला प्रश्न पडतो, कुणाच्या घरी? आमच्या अख्ख्या वस्तीत तेव्हा टीव्ही एकाच घरात होता.

तरीही एका यंत्राची आठवण आम्हालाही येते. बीबीसी मायक्रो. बीबीसीने सामान्य माणसाला कॉम्प्युटर शिकवण्याची मोहीम काढली, तिच्यासाठी केंब्रिजच्या एकॉर्न कंपनीने 1981 साली हे यंत्र आणले. मॉडेल बीची मेमरी अवघी 32 केबी. भारत सरकारने 1984 साली 'क्लास' प्रकल्प सुरू केला आणि ही यंत्रे सुमारे 250 शाळांत आली. त्यातली एक शाळा आमची.

खोलीला कुलूप. चपला बाहेर काढायच्या, कारण धूळ चालत नाही. तेही मान्य. पण आत जाणाऱ्या 'हुशार' मुलांची यादी लागली, तेव्हा आमच्या वस्तीतले एकही नाव तीत नव्हते. "तुम्हाला काय उपयोग त्याचा?" असे उत्तर मिळाले. आम्ही खिडकीतून बघायचो.

पुढे एका नव्या बाईंनी शनिवारी शाळा सुटल्यावर आम्हाला आत घेतले. बटण दाबताच यंत्र वाजले, पडद्यावर 'बेसिक' हा शब्द आला आणि ते आमच्या हुकमाची वाट बघत थांबले. आम्ही दोन ओळी लिहिल्या. दहावर प्रिंट, विसावर गोटू 10. रोमन अक्षरांतले 'जय भीम' पडदाभर धावत सुटले. एस्केप दाबेपर्यंत थांबले नाही.

मित्रांनो, ही नुसती आठवण नाही. या यंत्राचे बेसिक लिहिणाऱ्या सोफी विल्सन यांनीच स्टीव्ह फर्बर यांच्यासोबत एआरएम प्रोसेसर घडवला. पहिली चिप 1985 साली चालली. आज जवळपास प्रत्येक मोबाईलमध्ये तीच रचना आहे. म्हणजे त्या बंद खोलीतला वारसा आज आपल्या खिशात आहे.

मग कुलूप उघडले का? नाही. ते यंत्र सुरू होताच म्हणायचे, लिही. आजचा मोबाईल म्हणतो, बघत राहा. ज्या खिडकीतून आम्ही बघायचो, ती आता हातात आली, एवढाच फरक.

यंत्रांना दोष देणाऱ्या गांधीवादाला बाबासाहेबांनी ठाम उत्तर दिले होते. यंत्रामुळे माणसाला फुरसत मिळते आणि फुरसतीशिवाय सुसंस्कृत जीवन नाही. दोष यंत्राचा नसतो, ते मूठभरांच्या हाती ठेवणाऱ्या समाजरचनेचा असतो. ती फुरसत आपण रील्सवर उधळायची का?

बीबीसी मायक्रोपासून प्रेरणा घेतलेला रास्पबेरी पाय 2012 साली आला. एक जुना टीव्ही, एक कीबोर्ड आणि हा छोटा बोर्ड एवढ्यावर विहारात रविवारचा वर्ग सुरू होऊ शकतो. फक्त त्या खोलीची किल्ली एकाच्या खिशात ठेवू नका.

जय भीम!